नायट्रो गाडीचं इंजिन किती चालतं? आणि इंदूरच्या धुळीत किती?

नारायणबाग | १४ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना त्याची रिमोटची नायट्रो बग्गी (नायट्रोमिथेन मिसळलेल्या मिथेनॉलवर चालणारी) माझ्या मुलाला देऊन गेला. खऱ्या गाडीच्या १/८ मापाची आहे, इंजिन ३.५ सीसीचं. दोरी ओढून सुरू होणारी नाही, खालून स्टार्टर बॉक्स लावावा लागतो. दोन वर्षं गाडी माळ्यावर पडून होती. मुलगा १४ वर्षांचा आहे. त्यानं ती पुसून चकचकीत केलीय आणि रोज विचारतो, "आई, कधी चालवायची?"

भावाला फोनवर विचारलं, इंजिन अजून किती चालेल? तो म्हणाला, "साडेतीन गॅलन झालं असेल आत्तापर्यंत." तास किती झाले म्हटलं, तर म्हणे तास कोणी मोजत नाही. इथल्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी स्क्रूसुद्धा न उघडता सांगितलं, "ये तो गया, नया डलवा लो." दुसरीकडे ओळखीतले एक जण म्हणाले, असली इंजिनं दहा वर्षं जातात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आमच्याकडे प्रत्येक मशीनची वही असते. किती नमुने झाले, कुठला भाग कधी बदलला, सगळं लिहिलेलं असतं. त्यामुळे "गया" आणि "दहा वर्षं" यांच्या मधलं उत्तर मला हवं आहे. या इंजिनाचं वय मोजतात कशात? ते संपलंय हे कशावरून कळतं? आणि सुरू करण्याआधी मी घरी काय तपासू शकते?

चालवायची जागा म्हणाल तर सुपर कॉरिडॉरच्या बाजूचं मोकळं रान. काळी माती, आणि आता सुकून तिची नुसती भुकटी झालेली.

---

टूलरूम | १४ नोव्हेंबर, रात्री ११:०२

ताई, तुमच्या भावानं बरोबर सांगितलं. ही इंजिनं महिन्यांत किंवा तासांत मोजत नाहीत, प्यायलेल्या इंधनात मोजतात. मी सांवेर रोडला टूलरूममध्ये आहे आणि १५ वर्षं नायट्रो चालवतोय. माझे आकडे देतो.

तयार गाडीबरोबर येणारं साधं इंजिन नीट ठेवलं तर ८ ते १२ लिटर जातं. शर्यतीचं चांगल्या धातूचं इंजिन १५ ते २५ लिटर जातं, पण मधे बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारी दांडी) बदलत राहिलात तर. आणि धूळ आत गेली की तेच इंजिन २ लिटरमध्ये संपलेलं मी पाहिलंय. एका मित्राचं तर पहिल्याच दिवशी गेलं, कारण एअर फिल्टर कार्ब्युरेटरच्या मानेवर नीट बसला नव्हता.

तासांत हवं असेल तर, या मापाच्या बग्गीची टाकी १२५ सीसीची असते आणि ती ८ ते १० मिनिटं पुरते. १० लिटर म्हणजे ८० टाक्या, म्हणजे १० ते १३ तास. एवढंच. ऐकून धक्का बसतो, पण त्या तासांत इंजिनानं काय केलंय ते बघा. सरासरी २५,००० फेरे मिनिटाला धरले तरी तासाला १५ लाख फेरे होतात. १२ तासांत १ कोटी ८० लाख.

आता जी गोष्ट मला स्वतःला समजायला वेळ लागला ती सांगतो. स्कूटरचं इंजिन ५,००० फेऱ्यांवर चालतं असं धरलं, तर हेच १ कोटी ८० लाख फेरे ते ६० तासांत पूर्ण करतं. ताशी ४० च्या वेगानं ते झाले २,४०० किलोमीटर. स्कूटर तर ५० हजार किलोमीटर सहज जाते. म्हणजे आपलं इंजिन फक्त फेऱ्यांमुळे झिजत नाही. मग कशानं?

पहिलं, वेग. ३०,००० फेऱ्यांना या छोट्या पिस्टनला वर-खाली जाताना जो झटका बसतो तो स्कूटरच्या पिस्टनच्या साधारण दहापट असतो. तो सगळा रॉडच्या खालच्या डोळ्यावर, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या भोकावर येतो.

दुसरं, तेल. इथे तेलाची टाकी नाही, पंप नाही. इंधनात मिसळलेलं तेल जाता जाता जेवढं वंगण देईल तेवढंच. म्हणून नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरमधला इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, आवळून इंधन कमी केलं की वंगणही कमी होतं आणि गारवाही कमी होतो. लोकांना वाटतं आवळलं की गाडी पळते. पळते, आणि रोज थोडी मरते.

तिसरं, पिस्टनला रिंगच नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि तो ज्या नळीत वर-खाली होतो ती स्लीव्ह पितळेची, आतून क्रोम केलेली. ही स्लीव्ह वरच्या बाजूला किंचित निमुळती असते. थंड इंजिनात पिस्टन वर गेला की तिथे घट्ट धरला जातो, त्याला आम्ही पकड म्हणतो. इंजिन तापलं की स्लीव्हचा वरचा भाग जास्त फुलतो, निमुळतेपण जातं आणि पिस्टन बरोबर फिट बसतो. सगळं कॉम्प्रेशन या फिटवर. हा फिट गेला की इंजिन गेलं. रिंग टाकून वाचवता येत नाही.

आणि चौथं, धूळ. त्यावर उद्या सविस्तर लिहितो, कारण इंदुरात खरा प्रश्न तोच आहे. तोपर्यंत गाडी सुरू करू नका. स्टार्टर बॉक्सवर ठेवूसुद्धा नका.

---

कोथरूड | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

नारायणबाग, मुलासाठीच असेल तर सरळ ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरीची गाडी घ्या असं मी सुचवेन. मी सहा वर्षं नायट्रो चालवली. खर्च इंजिनाचा नसतो, इंधनाचा असतो आणि ते मिळवण्याच्या धावपळीचा असतो. बॅटरीच्या गाडीत धूळ मोटरला फारसं काही करत नाही.

---

नारायणबाग | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

कोथरूड, सल्ला मनापासून घेतला. पण त्याला ही मामाची गाडी चालवायची आहे. आणि मला असं वाटतं की एखादी वस्तू उघडून, समजून घेऊन परत चालू करायला या वयात शिकला तर ते त्याला जन्मभर पुरेल. इंजिन खरंच संपलं असेल तर तुमचाच सल्ला ऐकेन.

टूलरूमदादा, रात्री दोनदा वाचलं. स्कूटरचा हिशेब मुलानं वहीत उतरवून घेतला.

---

मल्हारगंज | १५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

टूलरूम भिया, एक विचारायचंय. माझं २.५ सीसीचं इंजिन ३ लिटरमध्येच बसलं. धूळ नव्हती, मी नेहरू स्टेडियमजवळच्या डांबरी जागेवर चालवत होतो, फिल्टरही स्वच्छ. खोक्यात आलेल्या कागदावर लिहिल्याप्रमाणे पहिल्या पाच टाक्या गाडी उभी ठेवून, नीडल भरपूर उघडून, नुसती धुरात फुरफुरत ठेवली. इंजिनाचं डोकं हाताला कोमट लागत होतं, एवढं जपलं. तरीसुद्धा ३ लिटर. सगळे म्हणतात ब्रेक-इनवर, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला कसं चालवलं त्यावर आयुष्य ठरतं, मग माझं काय चुकलं ते सांगा.

---

टूलरूम | १५ नोव्हेंबर, दुपारी २:०५

तेच कोमट डोकं. वर लिहिलंय तसं थंड स्लीव्ह निमुळतीच राहते. तुम्ही पाच टाक्या, म्हणजे जवळजवळ पाऊण तास, पिस्टनला दर फेरीला त्या अरुंद गळ्यात ठोकून बाहेर ओढलंत. मिनिटाला दहा-बारा हजार वेळा. पिस्टनची कड झिजते आणि रॉडवर ताण येऊन त्याचा खालचा डोळा लांबट होतो. इंजिन जपून वापरलं असं वाटतं, पण आतून ते तेव्हाच थकलेलं असतं.

मी नवं इंजिन सुरू करण्याआधी हेअर ड्रायरनं डोकं ७० अंशांच्या आसपास तापवतो. मग सुरू करून गाडी जमिनीवर हळूहळू फिरवतो, उभी ठेवत नाही. मिश्रणात इंधन सढळ, पण डोक्याचं तापमान ९० ते १०५ अंश सेल्सिअस राहील इतपतच. कमी पडलं तर डोक्याभोवती ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळतो. दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं. असं पाच-सहा टाक्या.

आणि बंद केल्यावर लगेच फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक) फिरवून पिस्टन खाली आणून ठेवायचा. वर राहिला तर थंड होताना स्लीव्ह त्याच्यावर आवळते. फ्लायव्हीलवर रंगाचा ठिपका करून ठेवा म्हणजे शोधावं लागत नाही.

---

दांडियाबाजार | १५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

बडोद्याहून नमस्कार. मी गाड्या नाही, विमानं उडवतो, पण इंजिन त्याच कुळातलं. मल्हारगंजांच्या कागदावरचा सल्ला कुठून आला ते सांगतो.

ग्लो प्लगची (ठिणगीऐवजी तापल्या तारेनं इंधन पेटवणाऱ्या प्लगची) इंजिनं १९४७ च्या सुमाराला आली, अमेरिकेत रे आर्डेन यांनी तो प्लग आणला. त्यातली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संपर्कात तापलेली राहते, म्हणून बॅटरी काढली तरी इंजिन चालू राहतं. त्या काळात पिस्टन बिडाचे असत, पोलादाच्या स्लीव्हमध्ये घासून बसवलेले, नाहीतर रिंगवाले. त्यांना खरोखरच सुरुवातीला थंड आणि तेलकट चालवावं लागायचं, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत हळू घासून बसायचे. माझ्या जुन्या रिंगवाल्या इंजिनाला मी आजही तसंच रुळवतो. पण क्रोम केलेल्या पितळी स्लीव्हचा जमाना आला तेव्हा सल्ला बदलायला हवा होता. तो बऱ्याच कागदांवर तसाच छापत राहिला.

विमानाची ग्लो इंजिनं शेकडो तास जातात हेही सांगायला हवं. ६.५ सीसीचं माझं इंजिन पंख्याच्या ओझ्याखाली १२,००० च्या आसपासच फिरतं आणि वर हवा स्वच्छ असते. गाडीच्या इंजिनावर माझ्यासारख्या लोकांचे आकडे लावू नका. "दहा वर्षं जातात" हे बहुधा एखाद्या विमानवाल्यानंच सांगितलं असेल.

तेलाबद्दल एक. इंधन घेताना त्यात तेल किती आणि कुठलं ते बघा. शर्यतीच्या इंधनात ८-१० टक्के असतं, घरगुती वापराला १२ ते १८ टक्क्यांचं घ्यावं. त्यात एरंडेल थोडं असलंच पाहिजे, आमच्याकडे त्याला दिवेल म्हणतात. इंजिन चुकून फार तापलं तर कृत्रिम तेल आधी जळून जातं, एरंडेल मात्र धातूवर चिकटून थर धरतं. तोच थर त्या क्षणी इंजिन वाचवतो. देशातलं बहुतेक एरंड गुजरातेत पिकतं, तरी बाजारात मिळणारं औषधी एरंडेल इंजिनात ओतू नका. त्यातला चिकट अंश काढलेला नसेल तर तो आत साचतो.

नायट्रोमिथेन जास्त म्हणजे चांगलं, हाही समज सोडा. युरोपात २०२१ पासून सामान्य ग्राहकाला १६ टक्क्यांपेक्षा जास्त विकायला बंदी आली, तरी तिथल्या शर्यती चालूच आहेत. मुलाच्या गाडीला १६ पुरे.

---

टूलरूम | १५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

दांडियाबाजार, बिडाच्या पिस्टनचा मुद्दा मला माहीत नव्हता. बरं झालं लिहिलंत.

आता धूळ. माळव्याची काळी माती पावसाळ्यात बुटाला चिकटून किलोभर होते आणि सुकली की तिची पिठासारखी भुकटी उडते. पीठ दिसायला मऊ, पण त्यातले गारगोटीचे बारीक कण क्रोमलासुद्धा ओरखडे काढतात. पिस्टनचं ॲल्युमिनियम तर त्यापुढे काहीच नाही. तेलकट भिंतीवर हे कण चिकटतात आणि पिस्टन मिनिटाला हजारो वेळा त्यावरून जातो. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट असते ना, तेच घरात तयार झालं असं समजा.

फिल्टर दोन थरांच्या फोमचा घ्या. बाहेरचा थर जाड, आतला बारीक. फिल्टर ऑइल लावून हातानं चुरगाळायचं, सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत. कोरडा फोम म्हणजे चाळणी. पण धूळ बहुतेक वेळा फोममधून जातच नाही, फिल्टरचं रबर आणि कार्बची मान यांच्या सांध्यातून जाते. तिथे आतून ग्रीसचा पातळ थर आणि बाहेरून आवळपट्टी. दर ४-५ टाक्यांनी मी धुतलेला फिल्टर चढवतो, म्हणून जवळ तीन ठेवतो.

तपासणी अगदी सोपी आहे. फिल्टर काढायच्या आधी बाहेरची धूळ ब्रशनं झाडा. मग काढून कार्बच्या तोंडात कानातल्या काडीचा स्वच्छ कापूस फिरवा. नुसतं तेल आलं तर ठीक. राखाडी-काळं, बोटात चोळल्यावर खरखरणारं आलं, तर आत गेलंय.

ताई, तुमच्यासाठी क्रम असा. आधी ही काडी. मग ग्लो प्लग काढा, सिलिंडरमध्ये पातळ तेलाचे चार-पाच थेंब सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग बाहेरच ठेवून फ्लायव्हील हातानं हळू फिरवा. प्लग नसल्यानं कॉम्प्रेशन आड येत नाही, त्यामुळे पिस्टन अगदी वर पोचताना हाताला जो अडथळा लागेल तो खऱ्या पकडीचा. अडथळा जाणवला तर जीव आहे. सुळकन वरून निघून गेला तर फिट गेलाय. फार घट्ट वाटलं तर जोर लावू नका, ड्रायरनं तापवा.

मग पिस्टन वर आणून फ्लायव्हील किंचित पुढे-मागे हलवा. पिस्टन न हलता फ्लायव्हील जेवढं हलतं तेवढा रॉडचा खेळ. नखभर जाणवला तरी रॉड बदलायचा. बेअरिंगचा अंदाज फिरवतानाच येतो, वाळू चावल्यासारखं लागतं.

---

लष्कर_ग्वाल्हेर | १६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सगळं वाचलं, एकच मोठी गोष्ट राहिली असं वाटतं. मिथेनॉल विषारी आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि ते कातडीतूनही शिरतं. चौदा वर्षांच्या मुलाला इंधन भरताना हातमोजे द्या, इंधन मोकळ्या हवेत भरा, आणि डबा कुलपात ठेवा. पाण्याच्या बाटलीत कधीही, कधीही काढून ठेवू नका. शिवाय मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतच नाही. टाकीवर आग आहे हे भाजल्यावर कळतं. मी हे स्वतःच्या मनगटावर अनुभवलंय. जवळ पाण्यानं भरलेली बादली आणि ओला टॉवेल हवाच.

---

नारायणबाग | १६ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

लष्कर, फार आभार. लॅबमध्ये मिथेनॉल वापरतो म्हणून डोळ्यांचं माहीत होतं, ज्योत दिसत नाही हे मात्र डोक्यात आलं नसतं. डब्याला वेगळी पेटी आणि कुलूप आज आणते.

---

नारायणबाग | २३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१५

सगळं करून बघितलं. जे आढळलं ते जसंच्या तसं लिहिते.

काडीचा कापूस राखाडी आला. चोळला तर अगदी बारीक खरखर. फिल्टरचं रबर मानेजवळ चिरलेलं होतं, बाहेरून दिसत नव्हतं, वाकवल्यावर दिसलं. पिस्टन वर जाताना पकड आहे, स्पष्ट आहे. फ्लायव्हील फिरवताना खरखर आहे. रॉडचा खेळ मला आणि मुलाला दोघांनाही जाणवला. रविवारी टूलरूमदादांच्या सांगण्याप्रमाणे इंजिनाची मागची पाटी उघडली तर मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर तपकिरी डाग.

मग भावाला पुन्हा फोन लावला आणि या वेळी लॅबमध्ये विचारतात तसं एकेक विचारलं. कुठला भाग कधी बदलला? तेव्हा त्याला आठवलं की पिस्टन आणि स्लीव्ह त्यानं दुसऱ्या गॅलनच्या शेवटी नवे टाकले होते. रॉड आणि बेअरिंग पहिल्यापासूनचेच.

म्हणजे साडेतीन गॅलन, १३ लिटर, हे वय इंजिनाच्या सांगाड्याचं आणि रॉडचं. पिस्टन-स्लीव्हचं वय दीड गॅलन, साडेपाच-पावणेसहा लिटर. मी आत्तापर्यंत एकच वय विचारत होते आणि सगळे एकच वय सांगत होते. मी आता वहीत प्रत्येक भागाला वेगळी ओळ केलीय.

मग माझं म्हणणं बरोबर आहे का, की पिस्टन-स्लीव्ह ठेवावी आणि रॉड, बेअरिंग, फिल्टर बदलावे?

---

टूलरूम | २३ नोव्हेंबर, रात्री ९:००

अगदी बरोबर. ताई, १५ वर्षांत इतकी नेमकी माहिती घेऊन कोणी विचारलेलं मला आठवत नाही.

रॉड आधी. शर्यतवाले तो ५-६ लिटरनाच बदलतात, हौशी लोकांनी ८-१० ला बदलावा. १३ म्हणजे नशीब. तो तुटला तर तुकडा स्लीव्ह फोडतो, इंजिनाची केस (बाहेरचा सांगाडा) फोडतो, आणि मग वाचवण्यासारखं काही उरत नाही. पिस्टन, स्लीव्ह, रॉड असा पूर्ण संच घेतला तर नव्या इंजिनाच्या किमतीच्या जवळ जातो, नुसता रॉड त्यामानानं फार स्वस्त. काढण्याआधी फोटो काढा. खालच्या डोळ्यातलं तेलाचं भोक ज्या बाजूला आहे त्याच बाजूला नव्याचं आलं पाहिजे. पिस्टनची दिशाही तीच ठेवायची, कारण तो त्या स्लीव्हमध्ये त्याच दिशेनं घासून बसलाय.

बेअरिंगचं एक विचित्र आहे. या मापाच्या बहुतेक इंजिनांत मागचं बेअरिंग १४ बाय २५.४ बाय ६ मिलिमीटरचं असतं. आतून मिलिमीटर, बाहेरून इंच. सियागंज पालथं घातलंत तरी मिळणार नाही, मागवावंच लागेल. पुढचं ७ बाय १९ बाय ६. तेही बरोबरच बदलून टाका. त्यातून हवा शिरायला लागली की नीडल कितीही जुळवली तरी इंजिन एका जागी ठरत नाही, आणि माणूस महिनाभर कार्बला दोष देत बसतो.

जुनं काढताना ठोकू नका. रबरी रिंगा, कार्ब सगळं उतरवून रिकामी केस तापवायची आणि लाकडावर आपटायची, बेअरिंग आपण होऊन निसटतं. घरच्या ओव्हनमध्ये नको, त्यात मिथेनॉल आणि तेलाचे अंश असतात. शनिवारी माझ्याकडे घेऊन या, इथे भट्टी आहे. मुलाला आणा. काढायचं त्यालाच आहे.

---

मल्हारगंज | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

भिया, गंज बेअरिंगला कसा लागला? इंधनात तेल असतं ना?

---

दांडियाबाजार | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. इंजिनात थोडं इंधन उरलं की दोन दिवसांत त्यात पाणी मिसळलेलं असतं, शिवाय नायट्रोमिथेन जळून राहिलेला आम्लधर्मी अंश. बडोद्याच्या पावसाळ्यात मी एक बेअरिंग आठवड्यात घालवलंय. माळ्यावरची दोन वर्षं त्या इंजिनाला चालवण्यापेक्षा महाग पडली.

दिवस संपला की टाकी पूर्ण रिकामी करायची. नळीत उरलेल्या इंधनावर इंजिन सुरू करून बंद पडू द्यायचं, दोन-तीनदा. मग कार्बमध्ये आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर गंज रोखायला घालायच्या तेलाचे) थेंब, हातानं दहा-बारा फेरे, पिस्टन खाली. दोन मिनिटांचं काम. माझ्या मते फिल्टरच्या खालोखाल याच दोन मिनिटांवर आयुष्य ठरतं, ब्रेक-इन त्यानंतर.

---

टूलरूम | २३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

क्रमाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे, ब्रेक-इन मी दुसऱ्या जागी ठेवीन. पण फिल्टर पहिला यावर वाद नाही.

---

नारायणबाग | १४ डिसेंबर, दुपारी ४:००

बेअरिंगं दोन आठवड्यांनी आली. काल मुलानं स्वतः बसवली, टूलरूमदादा शेजारी उभे होते, हात लावला नाही. आज सकाळी ड्रायरनं तापवून सुरू केलं. तिसऱ्या प्रयत्नात लागलं. धूर, तो वास, आणि मुलाचा चेहरा. मी काही लिहीत नाही त्याबद्दल.

एक अडचण. सकाळी साडेसातला छान चालत होती. साडेदहाला तीच गाडी जड झाली, वेग घेताना भरपूर धूर सोडायला लागली. डोक्याचं तापमान ९२. काही बिघडलं का?

---

लष्कर_ग्वाल्हेर | १४ डिसेंबर, दुपारी ४:३५

काही बिघडलं नाही, हवा बदलली. थंड हवा दाट असते, तिला इंधन जास्त लागतं. ऊन चढलं, हवा विरळ झाली, तीच नीडल आता जास्त इंधन देऊ लागली. जास्त इंधन हा त्यामानानं निरुपद्रवी प्रकार आहे.

घातक आहे तो उलटा. मे महिन्यात ४० अंशांत जुळवलेली नीडल डिसेंबरात १० अंशांना तशीच ठेवली तर हवा जवळजवळ १० टक्के दाट झालेली असते आणि इंधन तेवढंच. आमच्याकडे ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटे चार-पाच अंशांपर्यंत उतरतं. सर्वांत जास्त इंजिनं मी याच दिवसांत मेलेली पाहिली आहेत, आणि गार हवेमुळे इंजिन तापणार नाही असं प्रत्येकाला वाटत असतं. थंडीत सुरू करण्याआधी नीडल पाव फेरा उघडा, मग तापमान बघत एकेक घर (स्क्रूची एकेक खाच) आवळा.

दांडियाबाजार कधी इंदूरला आपलं विमान घेऊन गेले तर त्यांना उलट करावं लागेल. बडोदा जवळपास समुद्रसपाटीलाच, इंदूर साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब साधारण ६ टक्के कमी.

---

टूलरूम | १४ डिसेंबर, सायंकाळी ५:१०

लष्कर यांचं सगळं खरं. तापमान १०५ ते १२० च्या मधे ठेवा, प्लगच्या बुडाशी तापमापक धरून. पण आकड्यापेक्षा धुराकडे बघायला शिकवा मुलाला. पूर्ण वेग घेताना मागे निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. रेघ गेली की तेल गेलं, गाडी लगेच थांबवायची. आणि पकड पुढच्या वेळी कधी बघायची तेही वहीत लिहा. दर दोन लिटरनी. गरम असताना सुरू व्हायला कुरकुर करू लागली, गरम झाल्यावर सिग्नलला उभ्या स्कूटरसारखी शांत उभी राहीना, तर दोन लिटरची वाट न बघता बघा. पिस्टन-स्लीव्ह संपत आल्याची खूण तीच.

---

नारायणबाग | १ फेब्रुवारी, रात्री ८:५०

वहीतली आजची नोंद, मुलाच्या अक्षरातली, तशीच उतरवते:

"टाकी क्र. ३१. एकूण ३.९ लिटर. रॉड ३.९, बेअरिंग ३.९, पिस्टन-स्लीव्ह अंदाजे ९.५. काडी स्वच्छ. फिल्टर क्र. २ चढवला, क्र. १ धुवायला. सकाळी १३ अंश, नीडल पाव फेरा उघडली, नंतर दोन घरं आवळली. डोकं ११२. पकड आहे, नोव्हेंबरपेक्षा थोडी कमी. टाकी रिकामी केली, तेल घातलं, पिस्टन खाली."